अडीच चौरस मिलिमीटरचं भोक

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंगमधून एक बारीक थरथर हाताला लागायची. चालत्या गाडीत काहीच नाही. गिअर टाकला, गाडी हलली की सगळं सुरळीत. पुन्हा थांबलं की पुन्हा तेच, आणि आरपीएमचा काटा ७५० वर गप्प बसायच्या ऐवजी ६८० ते ८२० असे हेलकावे खात राहायचा. मग एके दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

गाडी बारा वर्षांची. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेलं. पहिल्या गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेच्या झडपेचं घर, साफ केलं, दिवा घालवून दिला. तीन दिवसांनी तो परत आला. दुसऱ्या ठिकाणी एक कॉइल बदलली आणि सांगितलं, ‘आता ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल, कोड तोच सांगतोय.’ तिथे मी थांबले आणि गाडी घरी घेऊन आले. कारण कोड तसं काहीच सांगत नव्हता.

कोड म्हणजे बिघाड दिसला की गाडीचा संगणक नोंदवतो ती खूण. माझा होता पी०१७१. त्याचा अर्थ इतकाच, की मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहतो आणि ईसीयूला, म्हणजे त्या संगणकाला, कळवतो. हा सेन्सर इमानेइतबारे सांगत होता की इथे हवा जास्त येतेय. निरोप आणणाऱ्यालाच बदलून काय होणार? ही जास्तीची हवा येते कुठून, हा प्रश्न होता. तो दोन्ही ठिकाणी कोणी विचारला नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण तो विचारायला एक पैसाही लागत नाही.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि गाडीची एक वही ठेवते. ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले हे सगळे लिहितात. मी त्याबरोबर गाडी ठणठणीत असतानाचे स्कॅनरवरचे आकडेही लिहून ठेवते. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा एक साधा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणि फोन, एवढंच साहित्य. या सवयीचा फायदा यावेळी झाला तेवढा आधी कधीच झाला नव्हता.

सगळ्यात आधी फ्रीझ फ्रेम पाहिली. कोड लागतो त्या क्षणीचे आकडे ईसीयू गोठवून ठेवतो. कोड पुसला की तेही पुसले जातात, म्हणून पुसण्याआधी ते वाचायचे. माझ्या फ्रेममध्ये होतं: वेग शून्य, आरपीएम ७९०, कूलंट ८८ अंश. म्हणजे इंजिन पूर्ण गरम आणि गाडी उभी. थरथर माझ्या हाताला जिथे लागत होती, तिथेच कोड लागला होता.

मग फ्युएल ट्रिम. ईसीयू येणारी हवा मोजतो, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून त्यात वाढ-घट करतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते: तात्पुरती ती शॉर्ट टर्म, अंगवळणी पडलेली ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज करून बघायची. चांगल्या इंजिनात ती शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांत खेळते. माझ्या गाडीत आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म अधिक २१ आणि शॉर्ट टर्म अधिक ६, म्हणजे बेरीज २७. गाडी जागेवरच ठेवून रेस दिली, २५०० आरपीएमवर स्थिर धरली, अर्धा मिनिट थांबले. बेरीज उतरून अधिक ६ वर आली.

माझ्या मते अख्ख्या निदानात याहून मोलाची दुसरी तपासणी नाही, म्हणून जरा इथे रेंगाळते. मिश्रण लीन व्हायची नेहमीची कारणं तीन. फ्युएल पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर आयडलला फारसं जाणवत नाही, पण गाडीवर जोर आला की पेट्रोल कमी पडतं आणि ट्रिम वाढत जाते. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर धुळीने माखला असेल, तर जितकी हवा जास्त तितकी चूक ठळक होते. व्हॅक्यूम लीकमध्ये मात्र नेमकं उलटं होतं: आयडलला ट्रिम प्रचंड, आणि रेस दिली की उतरते. भोकाचा आकार तोच राहतो, पण इंजिन घेत असलेली एकूण हवा वाढते, त्यामुळे भोकातून चोरून येणाऱ्या हवेचा वाटा कमी होतो.

‘व्हॅक्यूम लीक’ या शब्दाने उगाच गोंधळ होतो. लीक म्हटलं की काहीतरी बाहेर गळतंय असं डोळ्यांसमोर येतं. इथे बाहेरचं आत येतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टन मात्र खाली जाऊन हवा मागत असतात, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, दाब वातावरणाच्या जेमतेम ३५-४० टक्के उरतो. इंजिन हवा ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, पण ओढणारं तिथे कोणीच नसतं. टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीवरून दाखवलं तेच इथेही खरं आहे. बाहेरचं वातावरण ढकलत असतं, आणि जिथे फट मिळेल तिथून घुसतं. ही हवा एमएएफ सेन्सर मागे टाकून त्याच्या पुढच्या भागात शिरते, म्हणून ती मोजलीच जात नाही.

आता वहीचं काम आलं. दोन वर्षांपूर्वी गरम इंजिनाला, आयडलला, एमएएफ सेकंदाला २.५ ग्रॅम हवा दाखवत होता. आता दाखवत होता २.०. इंजिनाची भूक तर तेवढीच असणार, कारण ७५० आरपीएमला स्वतःला फिरतं ठेवायला त्याला तेवढीच हवा लागते. म्हणजे अर्धा ग्रॅम दुसऱ्या दाराने येतोय. ट्रिमवरूनही हिशोब करून पाहिला: २.० चे २७ टक्के म्हणजे ०.५४. दोन वेगळ्या वाटांनी आकडा तोच आला. २५०० वर एमएएफ ९ ग्रॅम दाखवत होता, आणि ९ मध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे साडेपाच टक्के. स्कॅनर सांगत होता ६. जेवण बाजूला ठेवून मी हे आकडे पुन्हा तपासले, इतका आनंद झाला होता.

यातून एक पाऊल पुढे जाता येतं. बारीक भोकाच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला की भोकातली हवा आवाजाच्या वेगाला पोचते. त्यापुढे पलीकडे कितीही पोकळी करा, भोकातून जाणारी हवा वाढत नाही. आयडलला मॅनिफोल्ड या मर्यादेच्या बराच खाली असतो, म्हणून गळती एका ठरावीक आकड्यावर अडकून राहते. त्या अवस्थेत एक चौरस मिलिमीटर भोकातून सेकंदाला सुमारे ०.२४ ग्रॅम हवा जाते. अर्ध्या ग्रॅमला दोन चौरस मिलिमीटरच्या थोडं वर. भोकाच्या कडा काही रंधा मारल्यासारख्या नसतात, म्हणून जरा वाढवून मी वहीत लिहिलं: ‘अडीच चौ. मि.मी. गोल असेल तर व्यास १.८ मि.मी.’ बोनेट उघडायच्या आधी मला शोधायच्या वस्तूचं माप कळलं होतं.

बाबा तेव्हा बाजूलाच होते. त्यांचा सगळा जन्म कार्बोरेटरच्या गाड्यांत गेला. पूर्वी ते बोनेटवर हात टेकून, मान तिरकी करून नुसते ऐकायचे आणि सांगायचे, ‘हवा घेतंय.’ आता त्यांना कमी ऐकू येतं. वही बघून ते म्हणाले, ‘आकडे ठेव बाजूला, आधी गेज लाव.’ त्यांचा जुना व्हॅक्यूम गेज मी मॅनिफोल्डच्या एका नळीला जोडला. समुद्रसपाटीजवळ चांगल्या इंजिनाला आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच येतात, उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. काटा १८ वर, फारसा न हलता उभा राहिला.

‘अगं, इंजिनात काही नाही,’ बाबा म्हणाले. ‘लीक असता तर काटा पंधरावर आला असता.’

त्यांचं म्हणणं त्यांच्या गाड्यांसाठी शंभर टक्के बरोबर होतं. मला उत्तर सापडायला थोडा वेळ लागला. कार्बोरेटरच्या गाडीत थ्रॉटलची फट स्क्रूने पक्की केलेली असते. भोक पडलं की जास्तीची हवा आत येते आणि व्हॅक्यूम पडतो. माझ्या गाडीत थ्रॉटल मोटरवर चालतो, आणि आरपीएम ७५० ठेवणं हे ईसीयूचं काम. भोकातून हवा आली की तो थ्रॉटल तेवढाच मिटतो. एकूण हवा जवळपास तीच, म्हणून व्हॅक्यूमही जवळपास तोच. गेज खोटं बोलत नव्हता, पण त्याला विचारलेला प्रश्न आता पुरेसा राहिला नव्हता. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे तो झाकून घेतोय.’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

शोधायला सुरुवात केली. गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढून. केस घट्ट बांधले, बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. चालत्या बेल्टजवळ आणि फॅनजवळ लोंबणारं काहीही नको, आणि फॅन न सांगता सुरू होतो हे विसरू नका.

पहिल्यांदा जे सहज वेगळं करता येतं ते. पर्ज व्हॉल्व्हचा, म्हणजे पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा, पाईप मॅनिफोल्डपासून काढून तोंडावर अंगठा दाबला: शॉर्ट टर्म जिथल्या तिथे. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नाही. मग ब्रेक बूस्टर, व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेक हलका करणारा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, ते कडक झालं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं, पेडल अलगद खाली गेलं. बूस्टर ठीक. तरी त्याचा रबरी पाईप कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच चिमटून पाहिला, ट्रिम हलली नाही. कडक प्लॅस्टिकचा पाईप असेल तर असं चिमटू नका, तो तडकतो. आणि हे करताना गाडी अजिबात हलवायची नाही, कारण बूस्टर तोडलेल्या गाडीत ब्रेकला पायाचा सगळा जोर लागतो. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या जाड रबरी नळीच्या घड्या एकेक उघडून पाहिल्या. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण नीट बसलंय ना तेही पाहिलं, कारण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागात, शिरलेली हवासुद्धा शेवटी इनटेकमध्येच जाते.

बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारत सुटतात. भोकाजवळ पडला की तो आत जातो, आरपीएम बदलतो आणि जागा कळते, हे खरं. पण तो पेट घेतो, आणि हात-दीड हातावर तापलेला एक्झॉस्ट असतो. मी गरम इंजिनावर तो वापरत नाही, आणि कोणी वापरत असेल तर निदान अग्निशामक हाताशी ठेवावा असं कळकळीने सांगते.

मी घेतली अर्धा मीटर रबरी नळी. एक टोक कानाशी, दुसरं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवायचं. उघड्या कानाला इंजिनचा सगळा गोंगाट एकत्र येतो, नळी मात्र बोटभर जागेचाच आवाज आणते. इंजेक्टरची टकटक वेगळी, अल्टरनेटरची घरघर वेगळी. मॅनिफोल्डच्या वरच्या बाजूला काही नव्हतं. नळी मॅनिफोल्डच्या खाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे सरकवली आणि एक कोरडा, एकसुरी फुत्कार कानात शिरला. टोक दोन बोटं इकडे नेलं की जातो, परत आणलं की येतो.

तिथे डोळा पोचत नाही. टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा आत घातला. आरशात पीसीव्हीचा पाईप दिसला, क्रँककेसमधल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये आणणारा. मॅनिफोल्डला मिळण्याआधी तो काटकोनात वळतो. वळणाचा वरचा भाग काळा, मॅट, चांगला. खालचा भाग ओलसर चमकत होता.

बाबांच्या हातात फोन दिला. ‘शॉर्ट टर्म लिहिलंय ना, तेवढाच आकडा मोठ्याने वाचत राहा.’

मी डावा हात मॅनिफोल्डखाली घातला. मनगट दोन पाईपांच्या मधून जेमतेम गेलं. बोटाने वळणाची खालची बाजू चाचपली. रबर तेल पिऊन फुगलेलं, उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ. आणि मग बोटाच्या पेराला थंड काहीतरी चाटून गेलं. त्या कढत जागेत तेवढीच एक रेघ थंड होती. मी बोट तिच्यावर दाबून धरलं.

‘सहा,’ बाबा वाचत होते. ‘सहा. पाच. दोन... उणे एक. उणे पाच. अगं, उणे नऊ!’

थरथर थांबली होती. बाबांनी बोनेटवर तळवा टेकला होता. कानांना जे ऐकू येत नव्हतं ते त्यांच्या हाताला कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

इंजिन थंड झाल्यावर पाईप काढला आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला. गंमत बघा: बाहेर काढल्यावर तो धडधाकट दिसत होता. वळणाच्या खालच्या बाजूला क्लिपच्या कडेपासून एक केसाएवढी रेघ, ती ओठ मिटल्यासारखी बंद. वाकवून गाडीत बसतो त्या कोनात धरला तेव्हा ती उघडली. कोणी तो काढून, सरळ धरून पाहिला असता तर ‘चांगला आहे’ म्हणून परत बसवला असता. म्हणून रबरी पाईप तपासायचा तो बसतो त्या आकारात वाकवून, आणि दोन्ही टोकांकडून पिळून. मी रेघ मोजली: लांबी ११ मिलिमीटर, आणि वाकवल्यावर फीलर गेजचं, म्हणजे फटी मोजायच्या पात्यांपैकी, ०.१५ मिलिमीटरचं पान आत गेलं. गुणाकार १.६५ चौरस मिलिमीटर.

वहीत मी अडीच लिहिलं होतं. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो सोडून दिला. वाटलं, गरम झाल्यावर फट जास्त उघडत असेल.

नवा पाईप कंपनीचाच मागवला, साच्यात वळवलेला. मीटरवर मिळणारा सरळ पाईप त्या वळणात घातला तर दुमडून चेपतो. तेल न सोसणारा पाण्याचा पाईप लावला तर वर्षभरात पुन्हा हेच. टेप किंवा सिलिकॉन तर नकोच. तेलकट रबरावर ते धरत नाही, आणि सुटलेला तुकडा आत जाऊ शकतो. दोन्ही क्लिपही नव्या घेतल्या. बसवायला वीस मिनिटं लागली. स्कॅनरने कोड पुसला, त्याबरोबर शिकलेली लाँग टर्मही शून्यावर आली. ती शून्यावर आणली नाही तर काही दिवस ईसीयू जुन्या सवयीने पेट्रोल जास्त ओतत राहतो. दोन दिवस गाडी चालवली. आयडलला बेरीज अधिक ८, २५०० वर अधिक २. थरथर गेली, दिवा लागला नाही.

पण ८ म्हणजे शून्य नव्हे. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, गार इंजिन सुरू केल्याबरोबर गाडी पहिलं मिनिटभर मिसिंग करत, म्हणजे मधूनच ठोका चुकवत, राहिली, मग आपोआप शांत झाली. स्कॅनरवर प्रलंबित कोड होता पी०३०४, म्हणजे चौथ्या सिलिंडरचं मिसिंग.

हिशोब पुन्हा काढला. एमएएफ आता २.३ दाखवत होता, त्याचे आठ टक्के म्हणजे ०.१८ ग्रॅम, म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटरच्या आसपास. १.६५ मध्ये ते मिळवा. मी सोडून दिलेला फरक दुसऱ्या भोकाचा होता आणि तो पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलेला होता.

गार असतानाच त्रास का, याची कारणं दोन. प्लॅस्टिक आणि रबर थंडीत आकसतं, म्हणून सांधा उघडतो. आणि गार ऑक्सिजन सेन्सर काम करत नाही, त्यामुळे सुरुवातीला ईसीयू कोणाचंही न ऐकता ठरलेलं पेट्रोल सोडतो. चूक झाकून घेणारं तेव्हा कोणी नसतं. एकाच सिलिंडरला मिसिंग, म्हणजे हवा सगळ्यांच्या वाटणीत मिसळण्याआधी त्या एकाच्या दाराशी शिरतेय. सेन्सरला चौघांची सरासरी दिसते. त्याचं ऐकून ईसीयू चौघांना थोडं पेट्रोल वाढवून देतो. तिघांना ते जास्त होतं, चौथ्याला तरीही कमीच.

मग मला आठवलं, पहिल्या गॅरेजने काढलेले जुने प्लग मी डब्यात ठेवले होते. चारही ओळीने मांडले. तीन तांबूस-करडे, चौथा खडूसारखा पांढुरका. लीन जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग असाच दिसतो. ज्याने तो हातात घेतला त्याने नुसता पाहिला असता तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्प्रेची बाटली साध्या पाण्याने भरली. इंजिन गार, त्यामुळे तापलेल्या लोखंडावर पाणी पडून तडकायची भीती नाही. कॉइल आणि कनेक्टर कापडाने झाकले. सुरू केलं, मिसिंग लागलं, आणि मी मॅनिफोल्ड हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, जिथे मिळतो त्या सांध्यावर एकेका तोंडापाशी एकेक फवारा मारत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं: काही नाही. चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यावर पाणी पडलं आणि इंजिन दोन सेकंद एकदम गुळगुळीत चाललं. पाण्याने फट भरली, ते आत गेलं, फट उघडली, पुन्हा मिसिंग. तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा तेच.

त्या सांध्यातलं रबरी गॅस्केट बदलायचं काम मोठं वाटतं पण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. बॅटरी सोडली. माझ्या इंजिनात इंजेक्टर हेडवर बसतात म्हणून पेट्रोलच्या लाइनला हात लावावा लागला नाही. ज्यांच्यात लावावा लागतो त्यांनी आधी प्रेशर उतरवावं. मॅनिफोल्ड निघताच हेडच्या चारही तोंडांत चार स्वच्छ फडकी कोंबली, आणि बसवताना चार मोजून काढली. एक बोल्ट आत पडला तर सगळं इंजिन उघडायची पाळी येते. जुनं रबर खाचेतच होतं. बोटाने दाबलं, लाकडासारखं. नवं रबर खाचेच्या वर चांगलं मिलिमीटरभर उभं राहतं. जुनं तीन तोंडांपाशी थोडं तरी वर होतं, चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यात मात्र खाचेच्या पातळीत गेलेलं. पट्टी लावून मॅनिफोल्डची कड सरळ आहे याची खात्री केली. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेला, दोन फेऱ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या २० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळले. अंदाजाने आवळलेल्या प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डची कड वाकते आणि लीक नव्याने जन्माला येतो.

सुरू केल्यावर आरपीएम काही मिनिटं हजाराच्या आसपास राहिले. ईसीयूला थ्रॉटलची नवी जागा शिकायची होती. एसी, लाइट सगळं बंद ठेवून गाडी तशीच चालू ठेवली, आणि काटा हळूहळू ७५० वर येऊन बसला.

आठवडा झाला. आयडलला बेरीज अधिक २, २५०० वर अधिक १. एमएएफ २.५, दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीबरोबर अगदी जुळणारा. पहाटे गार इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागतं. बाबांनी गेज पुन्हा लावायला सांगितला, काटा १९ वर आला. त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत तो आकडा तारखेसह लिहिला आणि पुढे कंसात ‘झाकून न घेता’ असं लिहिलं.

पर्ज व्हॉल्व्हचा पाईप अजून फुटलेला नाही. पण त्या दिवशी अंगठा दाबताना तो जरा करकरला होता. नवा मागवून ठेवला आहे, पुढच्या रविवारी बसवणार.